नव्या इंटिग्रेशन प्लॅटफॉर्मवर जाताना वेळ नेमका कुठे जातो?

प्रश्न (चाकण, वाहनांचे सुटे भाग)

नमस्कार. मी एका उत्पादन कंपनीत आयटी विभाग सांभाळतो. ईआरपी (कंपनीचे मुख्य व्यवहार नोंदणारी प्रणाली), गोदाम, वजनकाटा, हजेरी-पगार, डीलर पोर्टल आणि ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल) धरून आमच्याकडे १४ प्रणाली आहेत. त्यांच्यातली बरीचशी देवाणघेवाण एसएपी प्रोसेस ऑर्केस्ट्रेशन या इंटिग्रेशन प्लॅटफॉर्ममधून, म्हणजे प्रणालींना एकमेकींशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, होते. उरलेली वेगवेगळ्या काळात लिहिलेल्या स्क्रिप्टवर चालते आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी काहीजण आता कंपनीत नाहीत. प्रोसेस ऑर्केस्ट्रेशनची नियमित देखभाल २०२७ अखेर संपणार आहे आणि त्यापुढे २०३० पर्यंतची मुदतवाढ जादा शुल्क भरूनच मिळते, म्हणून व्यवस्थापनाने आत्ताच क्लाउडवरच्या नव्या इंटिग्रेशन प्लॅटफॉर्मवर जाण्याचे ठरवले आहे.

कोणते उत्पादन घ्यावे, हा माझा प्रश्न नाही. ज्यांनी असे स्थलांतर प्रत्यक्ष केले आहे, त्यांचा वेळ खरोखर कुठे गेला, हे कृपया सांगावे. विक्रेत्याच्या वेळापत्रकात जोडण्या उभ्या करायला चार महिने आणि चाचणीला तीन आठवडे दिलेले आहेत. हे प्रमाण मला पटत नाही, परंतु ते का पटत नाही हे बैठकीत ठामपणे मांडण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी नाही.

उत्तर (नाशिक, औषधनिर्मिती)

आपली शंका रास्त आहे. आमच्या जोडण्या ठरल्या वेळेत उभ्या राहिल्या. वेळ गेला तो व्यवहार मध्येच अर्धवट राहिला तर काय करायचे हे ठरवण्यात, आणि ते ठरवायला आम्ही बसलो गो-लाइव्ह झाल्यानंतर, म्हणजे नवी व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाल्यानंतर.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. दुसऱ्याच आठवड्यात, रात्री दहाच्या सुमारास, फाटकाशी चार ट्रक माल भरून उभे होते. ईआरपीत इन्व्हॉइस तयार होते, पण आयआरएन (सरकारी पोर्टलवर नोंद झाल्यावर मिळणारा इन्व्हॉइसचा क्रमांक) आलेला नव्हता आणि आमच्याकडे ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारा दस्तऐवज) त्यावरूनच निघत असल्यामुळे गाड्या सोडता येईनात. शोध घेतल्यावर कळले की इन्व्हॉइस सरकारी पोर्टलवर पोहोचले होते, तिथे त्याची नोंदही झाली होती, मात्र उत्तर यायला उशीर लागल्यामुळे आमच्या प्लॅटफॉर्मने टाइमआउट धरून तेच इन्व्हॉइस पुन्हा पाठवले. आयआरएन हा माल विकणाऱ्या कंपनीचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवज क्रमांक यांवरून तयार होणारा ६४ अक्षरांचा हॅश (ठरावीक गणिताने काढलेला संकेत) आहे, म्हणजे तेच इन्व्हॉइस कितीही वेळा पाठवले तरी तो बदलत नाही. त्यामुळे दुसऱ्या खेपेला पोर्टलने ‘याची नोंद आधीच झाली आहे’ असे कळवले, आणि ते योग्यच होते. आम्ही मात्र पोर्टलकडून येणारी प्रत्येक त्रुटी म्हणजे अपयश असे धरून चाललो होतो. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची निघाली: असे उत्तर आले की आधीचा आयआरएन मागवून घ्यायचा आणि व्यवहार पूर्ण झाला असे समजायचे.

खरी काळजी लागली ती दुसऱ्या दिवशी. पोर्टलने निदान दुबार नोंद अडवली होती. आमच्या गोदामाच्या प्रणालीत अशी अडवणूक नव्हतीच. तिथे अशाच रिट्रायमुळे, म्हणजे मेसेज आपोआप पुन्हा पाठवला गेल्यामुळे, कच्च्या मालाची आवक दोनदा चढली होती आणि ती पुढे साठा मोजताना सापडली. त्यानंतर आम्ही एकेक इंटरफेस (दोन प्रणालींमधली जोडणी) घेऊन ‘हाच मेसेज दुसऱ्यांदा आला तर समोरची प्रणाली काय करील’ हा प्रश्न विचारत गेलो, प्रत्येक मेसेजला स्वतंत्र क्रमांक दिला आणि आधी आलेला क्रमांक पुन्हा आला तर तो नाकारण्याची सोय केली. या कामाला सात आठवडे लागले. आपल्या वेळापत्रकातल्या तीन आठवड्यांत ते बसणार नाही. विक्रेता बरोबर मेसेज बरोबर पोहोचतो की नाही, एवढेच तपासतो. मध्येच नेटवर्क तोडणे, समोरची प्रणाली तासभर बंद ठेवणे आणि तीच फाइल दोनदा टाकणे, या चाचण्या आपल्याच माणसांना कराव्या लागतील.

उत्तर (कोल्हापूर, दूध संकलन)

वरच्या अनुभवात जुन्या स्क्रिप्टविषयी भर घालतो. त्या ओबडधोबड असतात, पण वर्षानुवर्षांचे शहाणपण त्यांच्यात साठलेले असते, आणि त्या बंद केल्या की ते जाते. आमच्याकडे नवा प्लॅटफॉर्म सुरू झाला आणि कऱ्हाड भागातल्या संकलन केंद्रांची बिले अडकू लागली. दोन्ही प्रणालींमध्ये नाव ‘कऱ्हाड’च दिसत होते, तरीही जुळत नव्हते. कारण युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर फरक कळत नाही आणि युनिकोडचे ठरलेले नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे सारखी करण्याची प्रक्रिया) चालवले तरी ही दोन रूपे एक होत नाहीत. जुन्या स्क्रिप्टमध्ये एक रूप बदलून दुसरे करणारी एकच ओळ होती. ती लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले होते आणि आम्ही ती ओळ वाचलीच नव्हती.

आता आम्ही जुळणी नावावर करत नाही, केंद्राच्या सांकेतिक क्रमांकावर करतो. आणि कोणतीही जुनी स्क्रिप्ट बंद करण्याआधी ती ओळीने ओळ वाचतो, संबंधित खात्यातल्या माणसाला शेजारी बसवून.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हे दोन्ही प्रसंग मी बैठकीत जसेच्या तसे मांडणार आहे. एक विचारायचे राहिले. अडकलेल्या मेसेजकडे लक्ष कोणी ठेवावे? सध्या ते सारे आयटीकडेच आहे.

उत्तर (ठाणे, वितरण)

ते आयटीकडे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे सुरुवातीला सर्व इशारे आयटीच्या सामायिक मेलवर यायचे, दिवसाला चारशेपर्यंत, आणि पंधरवड्यात त्या फोल्डरकडे कोणी फिरकेनासे झाले. अडकलेले इन्व्हॉइस असे नजरेआड राहणे धोक्याचे आहे, कारण ज्यांची वार्षिक उलाढाल १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, त्यांच्या ३० दिवसांपेक्षा जुन्या इन्व्हॉइसची नोंद पोर्टल १ एप्रिल २०२५ पासून घेत नाही.

मग आम्ही नियम केला की इंटरफेस बंद पडल्यावर ज्या खात्याचे काम अडते, ते खाते त्याचे मालक, आणि इशारा त्याच खात्याला त्याला समजेल अशा मराठीत जाईल. ‘मॅपिंग एरर’ एवढेच न कळवता ‘अमुक इन्व्हॉइसवर ग्राहकाचा पिन कोड नाही, ग्राहक मास्टरमध्ये भरा आणि पुन्हा पाठवा’ असे आम्ही लिहितो. लेखा विभागातल्या सहकारी बहुतेक अडचणी आता आमच्याकडे न येताच सोडवतात.

बदल मार्चअखेरीस करू नका, आणि एका वेळी माहितीचा एकच प्रवाह हलवा. जुनी आणि नवी व्यवस्था काही दिवस एकत्र चालवणार असाल, तर नोंद एकीनेच करावी आणि दुसरीचे उत्तर केवळ ताडून पाहावे, नाहीतर नाशिकच्या मित्रांनी सांगितलेली दुबार आवक तुम्ही स्वतःच ओढवून घ्याल.

मालक नेमण्याचे काम मात्र विक्रेत्याशी करार होण्याआधीच करा. आमच्या यादीत नऊ इंटरफेसना कोणीच मालक मिळेना. चौकशी केली तेव्हा कळले की त्यांतल्या सहांची फाइल कोणी उघडतच नव्हते. ते सहा आम्ही नव्या प्लॅटफॉर्मवर नेलेच नाहीत.