कार्ड घातलं, पण सिस्टिमला दिसलं का? (अनुभव धागा)

मंडळी,

चालू मशीनमध्ये मेमरी कार्ड घालायचं, काम झालं की काढून घ्यायचं. ही सोय बिघडली की विंडोजवर हमखास निरोप येतो: ‘वापरण्याआधी हे कार्ड फॉरमॅट करा.’ घाईत लोक ‘हो’ म्हणतात आणि सहज परत मिळाली असती ती माहितीही अडचणीत आणतात. तसं कुणाचं होऊ नये म्हणून हा धागा. तुमचं कार्ड अडलं तेव्हा दोष कुठे निघाला ते लिहा: स्लॉटमध्ये, रीडरमध्ये, कार्डात, की फाइल सिस्टिममध्ये (कार्डावर फायली मांडून ठेवायची पद्धत)?

सुरुवात मी करतो. मी गावोगावच्या ओव्या ध्वनिमुद्रित करतो आणि रेकॉर्डरमधली एसडी कार्डं लिनक्सवर उतरवतो. आधी टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज -डब्ल्यू’ (dmesg -w) चालू करायचं, मग कार्ड घालायचं. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) काय कळलं ते ओळीओळीने समोर येतं. एकही ओळ उमटली नाही तर कार्ड आल्याचंच कळलेलं नाही. ‘एरर -११०’ आली तर कार्ड लागलंय, पण वेळेत उत्तर देत नाही. आणि पूर्ण आकारासकट नाव आलं, म्हणजे अंगच्या स्लॉटात बहुधा एमएमसीबीएलके० (mmcblk0) आणि यूएसबी रीडरमध्ये एसडीबी (sdb) वगैरे, तर पुढचा शोध पार्टिशन (कार्डावरचे जागेचे भाग) आणि फाइल सिस्टिममध्ये घ्यायचा. रिकामा यूएसबी रीडरही नाव अडवून बसतो, म्हणून नावापेक्षा आकार बघा.

माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर चालू असताना कार्ड घातलं की शांतता, आणि कार्ड आत ठेवून रीस्टार्ट केलं की सगळं व्यवस्थित. स्लॉटमध्ये कार्ड आल्याची खूण देणारा बारीक स्विच असतो, तो गेला होता. बाहेरचा रीडर लावला आणि तेच कार्ड लगेच दिसलं.

कोल्हापूर, लग्नाचे फोटो

लग्नसराईत आमच्या स्टुडिओत एक कार्ड सारखं ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणायचं. विंडोजमध्ये डिस्कपार्ट या कमांडने रीड-ओन्ली खूण काढून पाहिली, फरक शून्य. कडेची लॉकची पट्टी सैल झाली होती आणि आत सरकवताना खाली घसरत होती. कार्डाच्या आतल्या चिपला त्या पट्टीचा पत्ताच नसतो. पट्टी कुठे आहे ते रीडर चाचपतो. त्यामुळे तेच कार्ड एका रीडरमध्ये बंद आणि दुसऱ्यात मोकळं दिसतं. फोटो वाचायला मात्र लॉकची आडकाठी नसते. आधी ते उतरवून घ्या, पट्टीचं नंतर बघा.

पुणे, मोबाइल दुरुस्ती

अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, कार्ड फोनचं अंतर्गत स्टोरेज म्हणून जोडता येतं. तसं जोडलेलं कार्ड एन्क्रिप्ट होतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि किल्ली त्या फोनमध्येच राहते. एक ताई पाण्यात पडलेला फोन आणि कार्ड घेऊन आल्या; त्यात वडिलांचे शेवटचे फोटो. कॉम्प्युटरवर कार्डाचा आकार बरोबर, पार्टिशनही दिसत होती, आत वाचण्यासारखं काही नाही. त्यांना सांगितलं, “ताई, कार्डाला काही झालेलं नाही. त्याला हात लावू नका, फोन माझ्याकडे ठेवा.” बोर्ड साफ करून फोन सुरू झाला आणि सगळे फोटो मिळाले. अशा फोनला फॅक्टरी रीसेट देणं म्हणजे किल्ली फेकून देणं. गिऱ्हाइकाला हा प्रश्न आधी विचारत नाहीत अशी दुकानं आहेत, त्याचा मला राग येतो.

भोसरी, वर्कशॉप

आमच्या जुन्या सीएनसीमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाई मशीनमध्ये) कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागतं. नवं मोठं कार्ड लॅपटॉपवर उत्तम चालायचं, मशीनला दिसायचंच नाही. तिचा कंट्रोलर फक्त एफएटी१६ ही लहान कार्डांची जुनी फाइल सिस्टिम ओळखतो. २ जीबीचं जुनं कार्ड शोधून आणलं, काम झालं.

निफाड, द्राक्षबाग

मातीतल्या ओलाव्याच्या नोंदी ठेवायला शेडमध्ये रास्पबेरी पाय (मेमरी कार्डावर चालणारा छोटा कॉम्प्युटर) लावलाय. मधेच नोंदी थांबल्या. कार्ड काढून लॅपटॉपवर जुन्या फायली पुसल्या, एकही एरर नाही. कार्ड काढून परत घातलं की सगळ्या जागच्या जागी हजर. फॉरमॅट करून पाहिलं, तरी तेच. काय समजायचं?

(धागाकर्ता)

दादा, कार्डाचा आतला कंट्रोलर नवं लिखाण घेत नाहीये. आयुष्य संपत आलं की काही कार्डं अशी वागतात. तुमच्या नोंदी अजून वाचता येतायत, ही जमेची बाजू. पुन्हा फॉरमॅटच्या वाटेला जाऊ नका. कार्ड माउंट न करता (म्हणजे सिस्टिमला जोडून न उघडता) ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घ्या, मॅपफाइलसकट (कुठवर वाचून झालं त्याची नोंद), म्हणजे मधे तुटलं तरी तिथून पुढे चालू करता येतं. दुरुस्ती कायम इमेजच्या प्रतीवर करायची. नुसते फोटो हवे असतील तर फायली शोधून काढणारं ‘फोटोरेक’ त्याच प्रतीवर चालवा. आणि पायच्या डीमेसेजमध्ये ‘अंडरव्होल्टेज’ (वीज कमी पडल्याची खूण) दिसतं का ते पाहा.

नागपूर, विद्यार्थी

नवं कार्ड आलं की मी ‘एफ३’ या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून परत वाचतो. स्वस्तात घेतलेलं एक कार्ड आकार मोठा सांगायचं, पण खरी जागा त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. अशा कार्डात मर्यादेपुढच्या फायली नावाने दिसतात, उघडत मात्र नाहीत. आणि कॉपीची पट्टी १०० टक्क्यांवर गेली तरी लिनक्समध्ये डेटा काही वेळ रॅममध्येच असू शकतो. ‘सिंक’ (sync) कमांड द्या, प्रॉम्प्ट (पुढच्या कमांडची जागा) परत येऊ द्या, अनमाउंट करा, मग काढा.

निफाड, द्राक्षबाग

इमेज निघाली, शेवटच्या टप्प्यातले थोडे सेक्टर सोडून. मागच्या हंगामाच्या नोंदी सुखरूप आहेत. नव्या कार्डावर चढवली आणि आता नोंदी आधी रॅममध्ये साठवून तासाने एकदाच कार्डावर लिहितो. अंडरव्होल्टेजच्या ओळी होत्याच, तुम्ही म्हणालात तशा. मोटार सुरू झाली की यायच्या. पायसाठी वेगळा अडॅप्टर आणि छोटी बॅटरी लावतोय.