चॅम्पियनशिप की क्वीन्सलँड कप: रग्बी लीगमध्ये दुसऱ्या फळीची ताकद मोजायची कशी?

तेरावा_गडी:
इंग्लंडची चॅम्पियनशिप आणि ऑस्ट्रेलियातले न्यू साउथ वेल्स कप व क्वीन्सलँड कप, तिन्ही ‘दुसरी पातळी’ म्हणून एकाच रांगेत मोजतात. पण सामने पाहिले तर वेग वेगळा, संघांची बांधणी वेगळी. यांची तुलना होऊ शकते का? आणि चॅम्पियनशिप जिंकली की सुपर लीग (इंग्लंडची सर्वोच्च पातळी) मिळते, हे अजून खरं आहे का? (15 खेळाडूंची रग्बी युनियन नव्हे, 13 खेळाडूंची लीग.)

प्लेद_बॉल:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. 2025 च्या हंगामापासून सुपर लीगमधली जागा मुख्यतः क्लबांच्या गुणांकनावर ठरते. एकूण 20 गुण: कामगिरी 5, चाहते 5, आर्थिक स्थिती 4.5, स्टेडियम 3, समाजकार्य 2.5. ज्याचे 15 किंवा जास्त, त्याची जागा पक्की. म्हणजे मैदानावरच्या निकालाला फक्त एक चतुर्थांश वजन.

याचा फटका कसा बसतो ते लंडन ब्रॉन्कोजवरून कळतं. ऑक्टोबर 2023 मध्ये अंतिम सामन्यात टुलूजला 18-14 हरवून ते वर चढले. त्याच महिन्यात सूचक (म्हणजे चाचणीपुरतं) गुणांकन आलं, त्यात ते 24 वे! 2024 चा हंगाम संपला आणि ते परत खाली.

राखीव_फळी:
तुलनेचं म्हणाल तर मूळ फरक मालकीचा आहे. चॅम्पियनशिपचे संघ स्वतंत्र क्लब असतात. त्यांचं बजेट त्यांचं, खेळाडू त्यांचे, आणि बहुतेक खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी सराव करणारे. न्यू साउथ वेल्स कप मात्र मुख्यतः एनआरएल (ऑस्ट्रेलियातली सर्वोच्च लीग) क्लबांची राखीव फळी आहे. एनआरएल क्लबच्या मुख्य यादीत 30 खेळाडू, त्यातले निवड न झालेले आणि दुखापतीतून परतणारे त्या आठवड्यात खाली खेळतात. न्यूटाउन जेट्ससारखा जुना क्लबही क्रोनुला या एनआरएल क्लबाशी जोडलेला आहे.

म्हणून तिथे संघाची ताकद दर आठवड्याला बदलते. वरच्या संघात चार जण जखमी झाले की खालचा संघ पोकळ होतो. गुणतालिका पाहून अंदाज बांधू नका, त्या दिवशीची संघयादी बघा.

क्वीन्सलँड कप मधला प्रकार. क्लबांना स्वतःचं गाव, स्वतःचे प्रेक्षक आहेत, पण बहुतेक एनआरएल क्लबाशी करार करून खेळाडू घेतात. पापुआ न्यू गिनीचा हंटर्स संघ 2014 पासून त्यात आहे आणि 2017 मध्ये सनशाइन कोस्टला 12-10 हरवून विजेताही झाला. पुढे राज्यविजेत्यांच्या सामन्यात पेनरिथच्या राखीव संघाने त्यांना 42-18 ने धुतलं. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे कबूल.

प्लेद_बॉल:
इंग्लंडमध्ये अंतर मोजायची सगळ्यात चांगली पट्टी म्हणजे 2015 ते 2018 चे ‘मिडल एट्स’. सुपर लीगचे तळाचे चार आणि चॅम्पियनशिपचे वरचे चार, प्रत्येकी सात सामने. 2015 ला खालून एकही क्लब वर गेला नाही. 2016 ला ली, 2017 ला हल केआर, 2018 ला लंडन गेले. लंडनने निर्णायक सामन्यात टोरंटोला 4-2 असं रोखलं, म्हणजे एकही ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) न होता! वरच्या चौघांची पातळी सुपर लीगच्या तळाला भिडते, हे त्यातून दिसतं. चॅम्पियनशिपच्या तळाबद्दल मात्र हे मुळीच म्हणता येत नाही.

तेरावा_गडी:
मग सामना पाहताना नेमकं काय बघायचं?

राखीव_फळी:
शेवटची 20 मिनिटं. टॅकल झाल्यावर बचावाची रांग किती लवकर मागे सरते ते पाहा. पूर्णवेळ संघ सहाव्या टॅकलपर्यंत प्रत्येक टॅकलनंतर 10 मीटर मागे जातो आणि पुन्हा पुढे झेपावतो. अर्धवेळ संघात थकव्यामुळे आधी मधली जोडी उशिरा पोचते, मग प्ले-द-बॉलचा (टॅकल झालेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सारतो, त्याचा) वेग वाढतो आणि कडेला एक माणूस कमी पडतो. 50 मिनिटांपर्यंत बरोबरीत असलेला सामना मग अचानक 30 गुणांनी सुटतो. चॅम्पियनशिपमधल्या ब्रॅडफर्डने 2019 च्या चॅलेंज कप या बाद स्पर्धेत सुपर लीगच्या लीड्सला 24-22 हरवलं, तसे निकाल एखाद्या दिवशी लागतात, आठवड्यामागून आठवडे नाही.

आणखी एक खाचखळगा: इंग्लंडमध्ये ड्युअल रजिस्ट्रेशनवर (एकाच वेळी दोन क्लबांकडे नोंदणी) सुपर लीगचे तरुण खाली खेळायला येतात. त्यांच्या जोरावर सलग जिंकणारा संघ ते परत बोलावले गेले की गडगडतो.