‘लव्ह मी टुनाइट’चीही भर

१९३४पूर्वीच्या हॉलिवूडच्या संगीतप्रधान विनोदी चित्रपटांची चर्चा येथे बझ्बी बर्कली यांच्या भव्य नृत्यरचनांभोवतीच फिरते आहे, म्हणून दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांच्या ‘लव्ह मी टुनाइट’ (१९३२) या चित्रपटाची भर घालावीशी वाटते. पॅरिसमधील शिंप्याच्या (मॉरिस शेव्हालिये) दुकानात सुरू झालेले गाणे गिऱ्हाईक गुणगुणत बाहेर नेते, ते टॅक्सीवाल्याच्या कानी पडते, आगगाडीतले सैनिक त्याला कवायतीचा ठेका देतात आणि जिप्सीच्या व्हायोलिनवरून ते थेट सज्जात उभ्या असलेल्या राजकन्येपर्यंत (जेनेट मॅकडोनल्ड) पोहोचते. म्हणजे नायक-नायिकेची गाठ पडण्याआधीच रॉजर्स आणि हार्ट या संगीतकार-गीतकार जोडीच्या गाण्याने सोयरीक जुळवलेली असते! चावटपणा भरपूर आहे, पण तो शब्दांच्या आडून येत असल्यामुळे कोठेही ओंगळ वाटत नाही. मर्ना लॉय यांनी साकारलेली, पुरुषांखेरीज दुसरे काही न सुचणारी सरदारकन्या तर अगदी फक्कड. चित्रपटांत काय दाखवावे आणि काय नाही हे ठरवणाऱ्या हॉलिवूडच्या आचारसंहितेची अंमलबजावणी जुलै १९३४पासून कडक झाली आणि पुढे पुनःप्रदर्शनाच्या वेळी या चित्रपटालाही कात्री लागली. लॉय यांच्या तोंडच्या ‘मिमी’ या गाण्याच्या ओळींसह कापलेला तो भाग पुन्हा जोडला गेलेला नाही.