रोटर व्होल्गोग्राड: १९२९ पासूनचा एकच क्लब मानायचा, की तीन-चार वेगळे?

कोपऱ्यातला_झेंडा

रोटर व्होल्गोग्राड या रशियन फुटबॉल क्लबचा वर्षवार तक्ता तयार करतोय. स्थापना सगळीकडे १९२९ दिसते, पण 'रोटर' हे नाव १९७५ च्या आधी कुठेच सापडत नाही. १९४३ चा तो प्रसिद्ध सामना रोटरच्या खात्यात धरायचा का? रशियन लीगमधली १९९३ आणि १९९७ ही दोन्ही उपविजेतेपदं एकाच मापाची का? आणि २००४ नंतर जे तुकडे पडले, त्यांना एकाच रांगेत कसं बसवायचं? तक्त्यात 'पहिली लीग' कधी वरची दिसते, कधी खालची, त्यानेही डोकं फिरलंय.

जुनी_गुणपत्रिका

आधी नावं घ्या, म्हणजे अर्धं काम झालं. संघ उभा राहिला तो स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्याच्या बांधकामावरच्या कामगारांचा, म्हणून पहिलं नाव 'त्राक्तोरोस्त्रोइतेल'. कारखाना सुरू झाला जून १९३० मध्ये, म्हणजे संघ कारखान्यापेक्षा थोडा मोठाच. पुढे 'त्राक्तोर', १९४८ पासून काही वर्षं 'तॉर्पेदो', मग पुन्हा 'त्राक्तोर', सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'स्ताल' आणि 'बारिकादी', आणि १९७५ पासून 'रोटर'. त्यात १९६१ साली शहराचंही नाव स्टालिनग्राडचं व्होल्गोग्राड झालं. तक्त्यात संघाचं नाव आणि शहराचं नाव असे दोन वेगळे रकाने ठेवा, नाहीतर 'रोटर स्टालिनग्राड' असलं कधीच अस्तित्वात नसलेलं काहीतरी तयार होईल.

युद्धापूर्वीचा त्राक्तोर हा लिंबूटिंबू संघ नव्हता. १९३८ मध्ये 'अ' गटात, म्हणजे तेव्हाच्या वरच्या स्तरावर, तब्बल २६ संघ होते, त्यात हा होता, आणि १९३९ मध्ये चौथा आला. अलेक्सांद्र पोनोमार्योव्ह तेव्हा इथलाच स्ट्रायकर. तो नंतर मॉस्कोच्या तॉर्पेदोत गेला. हे मॉस्कोचं तॉर्पेदो आणि स्टालिनग्राडचं तॉर्पेदो शोधताना हमखास एकमेकांत मिसळतात. १९४८ ते १९५० मध्ये दोन्ही एकाच तक्त्यात असतात, तेव्हा शहर पाहिल्याशिवाय आकडा उचलू नका.

आता १९४३. सामना २ मे रोजी, स्टालिनग्राडची लढाई संपल्यावर बरोबर तीन महिन्यांनी. मैदान 'अझोत', शहराच्या दक्षिणेला बेकेतोव्का भागात. तिथेच का? तो भाग जर्मनांच्या ताब्यात कधी गेलाच नाही, म्हणून खेळण्याजोगं काही शिल्लक होतं. ट्रॅक्टर कारखाना उत्तरेला, तिथे नुसते ढिगारे. स्पार्ताक मॉस्को हरला १-०. पण जिंकलेला संघ कागदावर 'दिनामो स्टालिनग्राड'! गोलरक्षक वासिली येर्मासोव्हसह बरेच खेळाडू त्राक्तोरचे होते, म्हणून हा सामना रोटरच्या गोष्टीत येतो. येऊ द्या, पण तळटीप म्हणून. विजय-पराभवाच्या बेरजेत धरू नका, तो लीगचा सामना नव्हताच.

दूरच्या_मैदानावरचा_गोल

नव्वदच्या दशकाचं मी घेतो. दोन उपविजेतेपदं एका मापाची अजिबात नाहीत. १९९३ मध्ये स्पार्ताक फार पुढे निघून गेला होता. १९९७ ला मात्र शेवटच्या फेरीआधी स्पार्ताक ७०, रोटर ६८, आणि शेवटचा सामना या दोघांचाच, तोही व्होल्गोग्राडमध्ये. रोटर जिंकला असता तर ७१ गुणांनी विजेता. स्पार्ताकला बरोबरी पुरेशी होती, ते २-० ने जिंकून गेले. अंतिम तक्ता ७३ आणि ६८ दाखवतो, आणि नुसता तक्ता बघणाऱ्याला वाटतं की पाच गुणांचा फरक म्हणजे चुरस नव्हतीच. १९९६ विसरू नका: स्पार्ताक आणि व्लादिकावकाझची अलानिया ७२ वर, रोटर ७० वर तिसरा. माझ्या मते रोटरचं खरं दुखणं १९९७ पेक्षा त्या वर्षीचं आहे. दोन गुण म्हणजे अख्ख्या हंगामातली एखादी फुकट घालवलेली बरोबरी.

चषकाच्या रकान्यात १९९५ ची अंतिम फेरी टाका. दिनामो मॉस्कोविरुद्ध ०-०, पेनल्टीत ७-८ ने हार. नियमाप्रमाणे हा सामना बरोबरीत सुटलेला धरतात, त्यामुळे 'पराभव' रकान्यात एक वाढवू नका.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युएफा चषकात मँचेस्टर युनायटेड. घरी ०-०. ओल्ड ट्रॅफर्डवर निदेरगाउस आणि वेरेतेन्निकोव्हने पहिल्या २५ मिनिटांतच ०-२ केलं. स्कोल्सने एक फेडला आणि ८९ व्या मिनिटाला गोलरक्षक पीटर श्मायकेलने पुढे येऊन हेडरने बरोबरी साधली. २-२, तरीही रोटर पुढे, कारण एकूण गोल सारखे असले की प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, हा तेव्हाचा नियम. श्मायकेलच्या गोलाने वाचलं ते एवढंच, की युनायटेड युरोपात घरच्या मैदानावर तोवर कधी हरला नव्हता. तो विक्रम पुढच्या वर्षी फेनरबाह्चेने मोडला. पुढच्या फेरीत रोटर बोर्दोकडून दोन्ही सामने हरला. १९९६ च्या इंटरटोटो (युएफा चषकात जागा मिळवून देणारी उन्हाळी स्पर्धा) अंतिम फेरीत मात्र हाच नियम उलटला: फ्रान्सच्या गँगाँविरुद्ध घरी २-१, तिकडे ०-१, आणि घरी खाल्लेला तो एक गोल महागात पडला.

ओलेग वेरेतेन्निकोव्हला वेगळी ओळ द्या. १९९५ (२५ गोल), १९९७ (२२) आणि १९९८ (२२) असा तीनदा लीगचा सर्वाधिक गोल करणारा. रशियन लीगमध्ये एकूण १४३. हा विक्रम पुढे आर्त्योम ज्यूबाने मागे टाकला. १४३ म्हणजे १९९२ पासूनच्या वरच्या स्तरावरचे, सोव्हिएत काळातले गोल त्यात मिसळू नका.

परवाना_विभाग

'पहिली लीग' हा घोळ साधा आहे. रशियात 'पहिली' म्हणजे दुसरा स्तर. १९९२ पासून वरचा स्तर 'उच्च लीग', १९९८ पासून 'उच्च विभाग', २००२ च्या हंगामापासून प्रीमियर लीग. दुसरा स्तर आधी पहिली लीग, मग पहिला विभाग, २०११ पासून एफएनएल (फुटबॉल नॅशनल लीग), २०२२ पासून पुन्हा पहिली लीग. म्हणून नाव लिहाच, पण शेजारी स्तराचा आकडा द्या. आणि हंगाम: २०१० पर्यंत वसंत ते शरद, म्हणजे एकच साल. २०११-१२ हा दीड वर्ष चाललेला जोडहंगाम. त्यानंतर दोन सालं. १९९३ चा उपविजेता युरोपात १९९४-९५ ला खेळला, त्याचं कारण हेच.

गुणांची बेरीज जुळली नाही तर घाबरू नका. विजयाला ३ गुण १९९५ पासून, त्याआधी २. सोव्हिएत लीगमध्ये १९७८ ते १९८८ दरम्यान बरोबऱ्यांवर मर्यादा होती, ती ओलांडली की पुढच्या बरोबरीला शून्य गुण.

आता तुकडे. २००४ ला रोटर प्रीमियर लीगमध्ये शेवटचा आला. पुढच्या हंगामासाठी मुख्य संघाला व्यावसायिक परवाना मिळाला नाही, मात्र राखीव संघ तिसऱ्या स्तरावर खेळत राहिला. २०१५-१६ ला क्लब पुन्हा व्यावसायिक लीगबाहेर, हौशी स्पर्धेत 'रोटर-व्होल्गोग्राड' या नावाने. २०१६-१७ ला तिसऱ्या स्तराचा दक्षिण गट जिंकून वर. २०१९-२० चा हंगाम कोविडमुळे मध्येच थांबवला तेव्हा एफएनएलमध्ये अव्वल, म्हणून खिम्कीसोबत प्रीमियरला. २०२०-२१ ला १६ पैकी १५ वा आणि खाली, लगेच पुढच्या वर्षी आणखी एक स्तर खाली.

परवाना का अडतो? खेळाडू, इतर क्लब आणि कर खात्याची थकबाकी नसणं, आणि पुढच्या हंगामाच्या पैशाची लेखी हमी, हे दोन मुद्दे कायम आडवे येतात. प्रांतातला क्लब तिकिटांवर आणि टीव्हीच्या पैशावर चालत नाही. प्रांतीय अर्थसंकल्प किंवा एखादा मोठा कारखाना पैसा देतो. त्यांनी हात आखडता घेतला की चांगला निकालही वाचवत नाही. तोस्नो या छोट्या क्लबने मे २०१८ मध्ये रशियन चषक जिंकला (सामना व्होल्गोग्राड अरेनावरच होता) आणि त्याच उन्हाळ्यात क्लब बंद. पर्मचा आमकारही तेव्हाच गेला.

कोपऱ्यातला_झेंडा

म्हणजे २०१५-१६ ची ओळ रिकामी सोडू की भरू? आणि जुन्या मैदानाचे आकडे अरेनाच्या नावावर टाकले तर चालतील का?

परवाना_विभाग

भरा, पण स्तराच्या रकान्यात 'हौशी' लिहा आणि व्यावसायिक सामन्यांच्या बेरजेतून वगळा. मुख्य संघ बाहेर होता तेव्हाचे राखीव संघाचे निकाल वेगळ्या रंगात. परवाना कोणाकडे होता ते दर वर्षी एका शब्दात लिहिलंत की 'क्लब एक की अनेक' हा वाद वाचणारा स्वतःच सोडवेल.

मैदान मात्र वेगळं धरा. मामायेव कुर्गान या टेकडीच्या पायथ्याशी, व्होल्गाकाठी जुनं सेंट्रल स्टेडियम होतं. ते पाडून त्याच जागी सुमारे ४५,००० आसनांचं अरेना २०१८ च्या विश्वचषकासाठी बांधलं. खोदताना युद्धातले न फुटलेले बॉम्ब निघाले होते. युनायटेड आले ते जुन्या मैदानावर, आणि १९९७ चा स्पार्ताकचा सामनाही तिथलाच.