पाऊस नसताना चिकुनगुन्या कसा पसरतो? उष्णतेनं व्हायरस बदलतो का?

माणदेशी: आमच्याकडं यंदा पाऊस म्हणावा तसा नाहीच, नळाला आठवड्यानं पाणी, तरी गल्लीत घरटी एकाला चिकुनगुन्या. आईचे सांधे असे धरलेत की भाकरी थापायचं सोडा, सकाळी चहाचा कप पण धरता येत नाही. डबकी नाहीत, गटारं कोरडी, मग हे आलं कुठून? एकजण म्हणतो उष्णतेनं व्हायरसच बदललाय. खरंय का?

रानवाट: चिकुनगुन्या पसरवतो त्या एडिस डासाला गटार लागतच नाही हो, त्याला घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. नळ आठवड्यानं म्हणजे घरोघरी ड्रम, बॅरल, रांजण भरलेले. २००४ मध्ये केनियाच्या लामू बेटावर हेच झालं, दुष्काळात लोकांनी पाणी साठवलं आणि चिकुनगुन्या पेटला, तिथून हिंदी महासागरातली कोमोरोस बेटं, मग रियुनियन बेट, आणि २००६ मध्ये आपल्या देशात जवळपास १४ लाख संशयित रुग्ण. त्यामुळं पाणीटंचाई हेसुद्धा साथीचं हवामानच आहे, हे आपल्याकडं कुणी बोलतच नाही याचं वाईट वाटतं.

पारा४०: उष्णतेचं म्हणाल तर डासाची मादी रक्त प्यायली की लगेच दुसऱ्याला रोग देत नाही, व्हायरस तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला काही दिवस जातात. उबेत ते दिवस कमी होतात, आणि ती जगतेच दोन-चार आठवडे, त्यामुळं दोन दिवस वाचले तरी लई फरक पडतो. पण पारा फारच चढला की डासच लवकर मरतात, म्हणजे ऊन वाढलं की साथ वाढलीच असं सरळ गणित नाही.

सह्यकडा: व्हायरस बदलतो तो उन्हानं नाही. आरएनए व्हायरस आहे, स्वतःची नक्कल करताना चुका होतच राहतात, त्यातली कुठली टिकणार हे तिथला डास ठरवतो. एडिसच्या दोन जाती यात येतात, रियुनियनला त्यातला एडिस इजिप्ती कमी, टायगर डास म्हणजे एडिस अल्बोपिक्टस जास्त. २००५-०६ च्या साथीत व्हायरसच्या ई१ प्रोटीनमध्ये २२६ व्या जागी ॲलनिन या अमिनो आम्लाच्या ऐवजी व्हॅलिन हे दुसरं आलं, एवढाच बदल, पण त्यानं टायगर डासात तो सहज वाढायला लागला. २००७ मध्ये केरळात पण हाच बदल सापडला, तिथं रबराच्या बागा, चीक गोळा करायच्या वाट्यांत पावसाचं पाणी साचतं आणि त्यात हाच डास. आमच्या दोडामार्गात पण रबर आहे म्हणून मला याची जास्त काळजी.

माणदेशी: म्हणजे बॅरलच. पण कोरडा दिवस पाळा म्हणतात, आठवड्याचं पाणी ओतून कसं द्यायचं?

रानवाट: ओतू नका. तोंडाला जाड फडकं घट्ट बांधा, सिमेंटच्या टाकीत गप्पी मासे सोडा. पाणी संपत आलं की मात्र आतली कड घासूनच काढा, अंडी तिथं चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. नुसतं विसळून ती निघत नाहीत. आणि आईंची डेंग्यूची टेस्ट झाल्याशिवाय सांधेदुखीची कुठलीही गोळी देऊ नका, डेंग्यू असला तर त्यातल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, डॉक्टरांना विचारा.