व्हीपीएनसोबत आलेल्या पासवर्ड मॅनेजरवर विसंबायचं का?

कृष्णाकाठ
परवा व्हीपीएनच्या धाग्यावर म्युनिकवासी यांनी लिहिलं, 'दोन वर्षांचं व्हीपीएन घेतलं की पासवर्ड मॅनेजर त्यातच येतो. वेगळ्या मॅनेजरला पैसे मोजणं निव्वळ अडाणीपणा आहे.' त्याखाली लगेच तिघांनी 'घेतो आजच' असं लिहिलेलं पाहिलं आणि राहवलं नाही. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा. ती बदलायला काहीच लागत नाही. आज हे, उद्या ते. पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या मॅनेजरमध्ये मात्र बँक, डीमॅट, ईपीएफ, आयकर, मुलांच्या शाळेचं पोर्टल, सगळं साठत जातं. दोन्ही एकाच वर्गणीला बांधले की दुसरीकडे अर्ध्या किमतीत व्हीपीएन मिळत असलं तरी माणूस हलत नाही, कारण पासवर्ड तिथे अडकलेले असतात. कंपनीला नेमकं तेच हवं असतं.

मी अशा मॅनेजरबद्दल आधी एकच गोष्ट बघतो: पैसे भरायचे थांबले की काय होतं? नॉर्डपास घ्या. नॉर्डव्हीपीएनच्या वरच्या प्लॅनमध्ये तो येतो. वर्गणी संपली की तुम्ही फुकट आवृत्तीवर येता. पासवर्ड जात नाहीत, पण एका वेळी एकाच उपकरणावर लॉगिन राहतं. फोनवर उघडलं की लॅपटॉपवर बंद. आणि वर्गणी दर वेळी आपण ठरवूनच संपते असंही नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे जायला ई-मँडेट, म्हणजे आधीच नोंदवून ठेवलेली परवानगी, लागतो. आधी ५,००० रुपयांच्या वर दर वेळी ओटीपी लागायचा, जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली. बऱ्याच परदेशी कंपन्यांची वसुली या चौकटीत बसत नाही आणि पेमेंट परत जातं. म्हणजे मेलबॉक्सच्या कोपऱ्यात 'पेमेंट झालं नाही' असं एक पत्र पडलेलं असतं आणि तुमच्या पासवर्डांची तिजोरी एका उपकरणापुरती उरलेली असते.

प्रोटॉन व्हीपीएनवाल्यांचा मॅनेजर म्हणजे प्रोटॉन पास, त्याचं तसं नाही, हेही सांगायला हवं. त्याच्या फुकट आवृत्तीत लॉगिन आणि उपकरणं दोन्ही अमर्याद आहेत. त्यामुळे 'बंडल' म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजू नका एवढंच म्हणणं. पण मोजा तरी!

म्युनिकवासी
माझं नाव घेऊन धागा काढलाय म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मला व्हीपीएन लागतंच. भारतातली काही सरकारी संकेतस्थळं जर्मनीतून उघडतच नाहीत, भारतीय आयपी पत्ता लागतो. आईच्या मालमत्ता कराची पावती काढायची तरी व्हीपीएन. मग त्याच पैशात मॅनेजर येत असेल तर तो का नाकारू? नॉर्डपास एक्सचाचा२० ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरतो, तिजोरी उघडणारा मास्टर पासवर्ड नॉर्ड खात्याच्या पासवर्डहून वेगळा असतो, २०२० मध्ये क्युअर५३ या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीने ऑडिट केलेलं आहे. आणखी काय हवं?

आणि 'स्वतंत्र मॅनेजर म्हणजे सुरक्षित' हा समज आधी सोडा. लास्टपास स्वतंत्रच होता ना? २०२२ मध्ये ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे बॅकअप चोरीला गेले. डिसेंबरमध्ये कंपनीने कबूल केलं की संकेतस्थळांचे पत्ते त्यात एन्क्रिप्टही केलेले नव्हते. म्हणजे कोणाचं खातं कोणत्या बँकेत, कोणत्या क्रिप्टो एक्सचेंजवर, हे चोराला आयतं कळलं. मास्टर पासवर्ड अंदाजाने फोडणं अवघड व्हावं म्हणून त्यावर गणिती प्रक्रिया पुन्हा पुन्हा करतात, जुन्या खात्यांवर तर त्या पुनरावृत्तींची संख्या ५,००० किंवा त्याहून कमी राहून गेली होती. याचं उत्तर द्या.

टर्मिनल_एक
लास्टपासचं उदाहरण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. एका स्वतंत्र कंपनीने घाण केली म्हणून बंडल चांगलं ठरत नाही. बिटवॉर्डन स्वतंत्र आहे, मुक्तस्रोत आहे, फुकटात हव्या तेवढ्या उपकरणांवर चालतो. कीपासएक्ससीला तर वर्गणीच नाही, आपली फाईल आपल्या डिस्कवर. मग 'वेगळे पैसे मोजणारे' हा तुमचा मुद्दाच कुठे उरला?

उलट बाजूने टनेलबेअर आठवा. व्हीपीएन कंपनी, तिने रिमेंबेअर नावाचा पासवर्ड मॅनेजर काढला आणि पुढे बंद करून टाकला. व्हीपीएन चालूच राहिलं. जोडधंदा आधी बंद होतो.

बाकी एका गोष्टीकडे दोघांचंही लक्ष गेलेलं नाही. व्हीपीएनचं खातं लोक सर्रास वाटतात. दहा उपकरणं चालतात ना, मग भाच्याला दे, मित्राला दे, टीव्हीवर टाक. नॉर्डमध्ये मास्टर पासवर्ड वेगळा, ठीक. प्रोटॉनमध्ये मात्र मूळ रचनेत एकाच पासवर्डवर मेल, ड्राइव्ह, व्हीपीएन आणि पास, सगळं उघडतं. क्रिकेट बघायला पासवर्ड दिलात तर बँकही दिलीत. २०२४ मध्ये त्यांनी पाससाठी एक जादा पासवर्ड लावायची सोय केली. तो मुद्दाम जाऊन लावावा लागतो. किती जणांनी लावलाय?

वीजतंत्री
तुमच्या चर्चेत एक मूलभूत गोष्ट राहते आहे. माझ्या बँकेच्या संकेतस्थळावर पासवर्ड पेस्टच करता येत नाही! रकान्यात उजवं क्लिक केलं की 'ही क्रिया अनुमत नाही'. त्याखाली पडद्यावरचा कीबोर्ड, त्यातले आकडे दर वेळी जागा बदलतात. पासवर्ड पंधरा अक्षरांच्या आत, विशेष चिन्हं त्यांनी दिलेल्या पाचातलीच, आणि ठरावीक काळाने सक्तीचा बदल, जुने चालणार नाहीत. आता सांगा, तुमच्या मॅनेजरने बनवलेला चोवीस अक्षरी पासवर्ड मी कुठे घालू?

मी वही ठेवतो. महावितरणमधून निवृत्त झाल्यापासून ठेवतो. कपाटाच्या आतल्या खणात. कुठल्याही देशातला असो, कोणीही हॅकर माझ्या कपाटापर्यंत येत नाही.

फायरवॉल
वही! २०२० च्या दशकात वही! काका, अशा लोकांमुळेच फसवणुकीचे आकडे फुगतात. घरकामाला येणारी बाई, गॅसवाला, पाहुणे, कोणीही फोटो काढून नेईल.

वीजतंत्री
पहिली गोष्ट, मी तुमचा काका नाही. दुसरी, आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई वीस वर्षांपासून येतात, त्यांच्यावर असा शिंतोडा उडवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? लोकांची फसवणूक वहीमुळे होत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाईल उघडल्याने होते, पोलिसाच्या गणवेशातल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' केल्याने होते. त्यात ना व्हीपीएन वाचवतं, ना मॅनेजर. तिथे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, ताबडतोब फोन लावायचा असतो, हे लोकांना शिकवा.

फायरवॉल
'काका' मागे घेतो. कामवाल्या ताईंबद्दलचं वाक्यही चुकीचंच होतं. वहीबद्दलचा मुद्दा मात्र मागे घेत नाही. बँकेच्या नावासारखंच दिसणारं, एका अक्षराचा फरक असलेलं खोटं संकेतस्थळ समोर आलं की वही तुम्हाला काही सांगत नाही, तुम्ही वाचून टाईप करता. मॅनेजर पत्ता जुळवतो आणि जुळला नाही तर पासवर्ड भरतच नाही. तो भरत नाही म्हटल्यावरच माणूस थांबतो. हा फायदा बंडलवाल्यातही मिळतो आणि फुकटातल्यातही.

वीजतंत्री
हा मुद्दा मान्य. पण पेस्ट बंद ठेवणाऱ्या बँकेत मॅनेजर कित्येकदा भरूच शकत नाही, मग लोक 'याला जमत नाही' म्हणून हाताने टाईप करतात आणि ती सवयच लागते. तेव्हा आधी बँकांना धरा. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेची निस्ट ही मानकसंस्था २०१७ पासून सांगते आहे. आमच्या बँकेपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

अनघा_नाशिक
तुम्ही वहीवरून भांडताय म्हणून लिहिते.

माझे सासरे दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. ते आमच्या घरातले सगळ्यात काटेकोर. सगळे पासवर्ड मॅनेजरमध्ये, मास्टर पासवर्ड फक्त डोक्यात. फोनला बोटाचा ठसा. सासूबाईंना वीजबिल कुठल्या ईमेलवर येतं हेसुद्धा माहीत नव्हतं. म्युच्युअल फंड किती कंपन्यांत आहेत, लॉकरचं भाडं कुठल्या खात्यातून जातं, काही कळेना. बँकेत गेलो तर 'खातं कोणतं ते सांगा' म्हणाले. शेवटी जुनी पासबुकं, आयकराची कागदपत्रं असं एकेक जुळवत बसलो. माझ्या आईकडे मात्र माझ्या बाबांची एलआयसीची डायरी होती. मागच्या पानांवर सगळं लिहिलेलं, जुने पासवर्ड एका रेघेने खोडून शेजारी नवे, आणि प्रत्येकापुढे बदलल्याची तारीख. बाबा गेल्यावर तिने कुणालाही फोन न करता कामं उरकली.

त्यामुळे वहीला हसू नका. बंडल घ्या नाही तर सुटं घ्या, मागे राहणाऱ्या माणसाच्या हाती काय लागणार ते आधी सांगा.

टर्मिनल_एक
अनघाताई, वाईट वाटलं वाचून. पण एक दुरुस्ती आवश्यक आहे. गेलेल्या व्यक्तीच्या नेटबँकिंगमध्ये पासवर्ड टाकून व्यवहार करणं योग्य नाही, पुढे वारसांमध्ये वाद झाला तर अंगाशी येतं. बँकेला कळवायचं, नॉमिनी म्हणून दावा करायचा. विस्मरणात गेलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३ पासून.

अनघा_नाशिक
उद्गमवर दावा न केलेल्या ठेवी दिसतात, म्हणजे दहा वर्षं व्यवहार न झालेल्या. सासऱ्यांची खाती चालू होती. नियम आम्हालाही कळतात हो. आम्हाला पैसे काढायचे नव्हते, काय काय आहे याची यादी हवी होती. आणि ज्या ईमेलवर ती यादी सापडली असती तो ईमेलच उघडत नव्हता.

टर्मिनल_एक
बरोबर. यादीचा मुद्दा मला आधी कळला नाही.

कृष्णाकाठ
धागा भरकटला असं म्हणणार होतो, पण अनघाताईंनी तो मूळ प्रश्नावरच आणून ठेवलाय. 'आणीबाणीचा प्रवेश' ही सोय बहुतेक मॅनेजरमध्ये पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. बिटवॉर्डनमध्ये ती प्रीमियममध्ये आहे, नॉर्डपासमध्येही प्रीमियममध्येच. आपण विश्वासातला माणूस नेमायचा. त्याने मागणी केली की आपल्याला सूचना येते, आणि ठरलेल्या मुदतीत आपण नकार दिला नाही तर त्याला तिजोरी उघडते.

आता बंडलमध्ये काय होईल बघा. माणूस गेला, कार्ड बंद झालं, व्हीपीएनची वर्गणी थकली आणि तिजोरी प्रीमियमवरून फुकटावर आली. व्हीपीएन बंद पडलं तर घरच्यांना त्याचं सोयरसुतक नसतं, 'करायचंय काय ते' म्हणून तेच आधी थांबवतात. त्याच वर्गणीवर पासवर्डही लटकलेले आहेत हे त्यांना सांगणार कोण?

म्युनिकवासी
हे सुट्या मॅनेजरच्या प्रीमियमलाही लागू आहे. कार्ड बंद झालं की तीही वर्गणी थकणारच. बंडलवरच राग का?

कृष्णाकाठ
लागू आहे, नाकारत नाही. फरक इतकाच की सुट्या मॅनेजरच्या बिलावर 'पासवर्ड' असं लिहिलेलं असतं. कोणीतरी थांबून विचारेल तरी.

म्युनिकवासी
हा फारच ताणलेला फरक आहे. पण खात्याच्या वाटपाचा मुद्दा मला लागू पडला, हे सांगतो. प्रोटॉनही आहे माझ्याकडे, आणि त्याचा पासवर्ड भावाकडे आहे. आज जादा पासवर्ड लावला. 'अडाणी' हा शब्द मात्र तुम्ही इतका मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं.

टर्मिनल_एक
नुसता जादा पासवर्ड पुरेसा नाही. भावाकडचा पासवर्ड अजूनही तुमचा मेल उघडतो, आणि बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' दुवे मेलवरच येतात. मुख्य पासवर्ड बदला, भावाला व्हीपीएनसाठी वेगळं फुकट खातं काढून द्या.

आणि बाहेर पडताना काय होतं तेही एकदा करून बघा, कारण 'निर्यात करता येते' एवढं वाचून लोक निश्चिंत होतात. सीएसव्ही निर्यात म्हणजे सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत एका फाईलमध्ये. ती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहते, तिथून आपोआप क्लाउडवर चढते. प्रोटॉन पास एन्क्रिप्ट केलेली फाईलही देतो, ती घ्या. आणि सीएसव्हीत पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायच्या डिजिटल किल्ल्या, येत नाहीत. जिथे जिथे पासकी केलीय तिथे नवीन मॅनेजरमध्ये परत करावी लागते.

वीजतंत्री
पासकी परत करायच्या म्हणजे प्रत्येक ठिकाणी आधी जुन्या मॅनेजरने आत शिरायचं आणि मग नव्याने नवी करायची, असंच ना? मग जुनी वर्गणी संपायच्या आत ते उरकायला हवं. कुणी केलं असेल तर क्रम सांगा. मुलगी म्हणते वही राहू दे, पण ईमेल आणि डीमॅट तरी बिटवॉर्डनमध्ये हलवा. तेवढं करतो. बँक वहीतच राहील, पेस्ट सुरू होईपर्यंत.

टर्मिनल_एक
हो, तसंच. आधी ईमेलची पासकी हलवा, ईमेल खात्याचे रिकव्हरी कोड छापून त्याच वहीत चिकटवा, मग बाकीच्या. जुन्या मॅनेजरमधलं खातं सगळ्यात शेवटी बंद करा. आणि मुलीला आणीबाणीच्या प्रवेशासाठी नेमायचं असेल तर तिचंही बिटवॉर्डनवर खातं लागेल, फुकटचं चालतं.