ब्रुनोला ते पांढरं हाडूक कोणी दिलं?

मृणाल (बी-४०४), सकाळी ७:१२
सगळ्यांना विचारतेय. रागावणार नाही, फक्त खरं सांगा. काल संध्याकाळी बागेत ब्रुनोला गाठ मारलेलं पांढरं हाडूक कोणी दिलं? रात्रीपासून ४ उलट्या झाल्या. शेवटच्या उलटीत पिवळ्या पाण्याबरोबर बोटभर तुकडा पडला, भिजलेल्या चपलेच्या पट्ट्यासारखा चिवट. बाकीचं आतच आहे.

गोखले (सी-२०३), ७:१५
बी विंगच्या लिफ्टमध्ये काल पुन्हा घाण होती. या महिन्यात तिसऱ्यांदा लिहितोय. पाळीव प्राणी जिन्याने न्यावेत.

मृणाल, ७:१६
काका, ती उलटी होती. रात्री १ वाजता फिनेल टाकून मीच पुसली.

संदीप (ए-३०२), ७:१८
ब्रुनोशेठनी शनिवारची पार्टी जोरात केलेली दिसते!

पाटील काकू (बी-३०२), ७:२०
अगं, दहीभात दे थोडा. आमच्या गावच्या मोत्याला पोट बिघडलं की ताक-भात घालायचे. दोन दिवसांत टुणटुणीत.

वैशाली वहिनी (सी-३०४), ७:२४
काकू, साध्या अपचनात चालेल. पण मृणाल, तू आत्ता काहीच देऊ नकोस, दहीभात नको आणि तूपही नको. आत अडकलेलं असेल तर वरून भर घालायची नसते. घरातली दुखण्याची गोळी तर चुकूनही नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्यांच्या जठराला आणि किडनीला बाधतात. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचं कुणी सुचवलं तरी ऐकू नकोस. पोट हाताला कडक लागतंय का? शी झाली का?

मृणाल, ७:२६
नाही झाली. दोनदा बसला, कुंथला आणि उठला. पोटाला हात लावला की पाठ कमानीसारखी करतो. वहिनी, हा सॉक्स खाऊन पचवणारा कुत्रा आहे हो, आज वाटीकडे बघतसुद्धा नाहीये.

वैशाली वहिनी, ७:३१
मग थांबू नकोस, आत्ताच घेऊन जा. ते हाड नसतंच मुळी, जनावराच्या कातडीचा आतला थर वाळवून गुंडाळलेला असतो. चघळून मऊ झालं की शेवटचा तुकडा कुत्री गिळून टाकतात, लॅब्रेडॉर तर हमखास. तो पचत नाही लवकर, आत पाणी धरून फुगतो. आमच्या राणीच्या वेळी एक्स-रेमध्ये नीट दिसलाच नव्हता, सोनोग्राफीत कळलं. पडलेला तुकडा पिशवीत घालून सोबत ने.

गोखले, ७:३३
बी विंगच्या लिफ्टमध्ये काल पुन्हा घाण होती. पाळीव प्राणी जिन्याने न्यावेत.

मृणाल, ७:३४
काका, ३१ किलोचा आजारी कुत्रा चौथ्या मजल्यावरून जिन्याने कसा उतरवू?

निखिल (ए-२०४), ७:३६
गोखले काका, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना मागच्या सभेत वाचून दाखवल्या होत्या. पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही.

गोखले, ७:३८
सूचना वाचणाऱ्यांनी एकदा वास पण घ्यावा.

संदीप, ७:३९
तसं बघितलं तर कुत्र्याचा पट्टा सोडला कोणी? बागेत तेव्हा मालक कुठे होते?

मृणाल, ७:४१
होते तिथेच. ऑफिसचा फोन चालू होता, पाठ होती. माझी चूक आहे, दादा. गाडी काढतेय.

जोशी (सी-४०१), ७:५०
टँकर आला का? सी विंगला नळाला पाणी नाही.

कर्णिक, सेक्रेटरी (ए-१०१), ७:५२
टँकर ९ ला. पाणी आणि लिफ्ट, दोन्ही विषय कृपया नंतर घ्या. काल बागेत कोण होतं, तेवढंच सांगा.

आपटे आजोबा (बी-१०२), ८:२०
ते मी दिले. फोन आत्ता पाहिला. दुकानदार म्हणाला, दातांना चांगले असते. त्याला जड पडू नये म्हणून लहान आकाराचे पाकीट घेतले. पाकिटात ५ होती, ३ शिल्लक आहेत. क्षमस्व.

वैशाली वहिनी, ८:२२
आजोबा, म्हणजे दोन दिली?

आपटे आजोबा, ८:२३
हो. दुसरे लगेच दिसेनासे झाले. मला वाटले, पुरून ठेवले असेल.

वैशाली वहिनी, ८:२४
मृणाल, डॉक्टरांना लगेच सांग. दोन आहेत, त्यातलं एक अख्खं गेलंय. आजोबा, मोठ्या कुत्र्याला लहान वस्तू दिली की ती चघळली जात नाही, सरळ घशाखाली जाते. ती तोंडापेक्षा मोठीच हवी, आणि शेवटचा तुकडा उरला की काढून घ्यायचा. पण ते तुम्हाला कोण सांगणार होतं!

पाटील काकू, ८:३०
आजोबांना बोलू नका गं कोणी. आजी गेल्यापासून तो कुत्राच त्यांच्या बाकापाशी जाऊन बसतो.

गोखले, ८:३४
आजोबांना कोणी काही बोललेलं नाही. लिफ्टचा मुद्दा वेगळा आहे आणि तो कायम आहे.

मृणाल, दुपारी ३:०५
बरं झालं सांगितलंत, आजोबा. मी एकच धरून चालले होते. सोनोग्राफीत दोन्ही जठरातच दिसली, आतड्यात उतरलेली नाहीत. भूल देऊन दुर्बिणीने काढताहेत. पुढे सरकली असती तर पोट उघडावं लागलं असतं.

मृणाल, रात्री ९:४०
निघाली. एक अख्खं, फुगून माझ्या अंगठ्याच्या दुप्पट झालं होतं. ब्रुनो घरी आलाय. डोळे अर्धवट मिटलेत, शेपटी मात्र दोनदा हलवली. उद्या सकाळी बोलेन. आजोबा, तुम्ही त्याला भेटायला या, तो वाट बघेल. फक्त हातात काही आणू नका.

आपटे आजोबा, ९:५२
येतो. उरलेली ३ कुठे टाकू? ओल्या कचऱ्यात टाकली तर गेटवरची भटकी उकरून खातील.

कर्णिक, सेक्रेटरी, ९:५५
सुक्यात टाका, पिशवीला गाठ मारून. गाडी ७ ला येते, तोपर्यंत घरातच ठेवा.

गोखले, ९:५८
सकाळी मी खाली उतरतोच आहे. दारात ठेवा आजोबा, मी नेऊन गाडीत टाकतो.